दक्षिणेची भिंत

धुकं विरलं, तसे सगळे अंगणात येऊन भिंतीकडे बघत उभे राहिले. इनॉकने कालच दारावर सावलीचं घड्याळ बसवलं होतं. पाटीच्या काळ्या दगडात कोरलेले आकडे, वर तिरपा पितळी काटा. आता फक्त ऊन यायचं होतं.

"घड्याळ चाललं तर तू या घरचा," थर्कलसाहेबांनी त्याला बजावलं होतं. "नाही तर उद्या पुन्हा रस्त्यावर खडी फोडणाऱ्या कैद्यांच्या टोळीत. बेड्यांसकट."

"काय रे पाथरवटा," स्वयंपाकीण नोरा कुजबुजली. तीही शिक्षा भोगायलाच विलायतेहून जगाच्या दक्षिण टोकाच्या या बेटावर आलेली. "ऊन पण जहाजानंच येतंय वाटतं, आपल्यासारखं?"

इनॉकने डोळे अर्धवट मिटले. तिकडे विलायतेत, कॉर्नवॉलमधल्या चर्चच्या दारावर त्याच्या बापाने कोरलेलं असंच घड्याळ होतं. सावली बारावर टेकली की भट्टीतून मटणाच्या करंज्या निघत आणि सगळ्या गल्लीला तो वास येई. समुद्राचा वाराही मग खारट न लागता खमंग लागे. हे घड्याळ कोरताना हात आपोआप तिकडच्यासारखेच चालले होते. आत्ताही त्याला वाटलं, सावली उतरतेय, हळूच, मांजराच्या पावलांनी.

त्याने डोळे उघडले. भिंत होती तशीच करडी.

"येईल, येईल," साहेब म्हणाले. "दक्षिणेची भिंत आहे. विलायतेत वडिलांचं घरही मी असंच पाहिलंय. चारही खिडक्या मुद्दाम इकडे काढल्या."

"या घरातला पहिलाच हिवाळा," थर्कलबाई खोकत म्हणाल्या, "आणि मला अजून ऊब ठाऊक नाही."

इनॉकने खाली पाहिलं. घराची सावली सगळ्यांच्या पायांवरून पुढे गेली होती. तिच्या आतलं दहिवर अजून पांढरं होतं. धुराड्याच्या सावलीतून धुराची सावली निघत होती, कुंपणाकडे वाहत होती. वर्षभर त्याने मान खाली घालून खडी फोडली होती. सूर्य कुठून जातो, हे बघायला मान वर केलीच नव्हती.

"साहेब," त्याने छपराकडे बोट दाखवलं. "ऊन घराच्या मागे आहे. या देशात ते उत्तरेकडूनच जातं."

"मूर्खा! दक्षिणेच्या भिंतीला—" साहेबांनी छपराकडे पाहिलं आणि ते थांबले.

थर्कलबाई घराला वळसा घालून निघाल्या. बाकीचे मागोमाग गेले.

मागची भिंत आंधळी होती, एकही खिडकी नसलेली. तिच्याशी लाकडं रचलेली, डुकरांच्या खाण्याची डोणी, नोराने वाळत घातलेल्या चादरी. चादरींतून वाफ निघत होती. बाई लाकूड फोडायच्या ओंडक्यावर बसल्या, शाल काढून मांडीवर घेतली आणि डोळे मिटून तोंड वर केलं. साहेब कोपऱ्यापाशीच थांबले, सावलीत.

"इनॉक," बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "या भिंतीत खिडक्या पाडायला किती दिवस लागतील रे?"

इनॉकला उद्याच्या बेड्या आठवल्या. त्याने साहेबांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. त्याने भिंतीवर तळवा टेकवला. दगड गाईच्या पोटासारखा कोमट होता.

"पुष्कळ लागतील, बाईसाहेब," तो म्हणाला.