आधी माझा फोन

जुन्या गाडीत यांनी फोनवरची गाणी वाजवणारा नवा स्टिरिओ बसवून घेतला. मला विचारलंसुद्धा नाही. बावीस वर्षं त्या गाडीत यांच्याच कॅसेट वाजल्या. मी नुसतं गुणगुणले तरी हे खेकसायचे, “शू! गाणं ऐकू दे!”

गाडी परत आणायला गेलो तेव्हा स्टिरिओच्या दुकानदाराला मी हळूच विचारलं, “दोघांचेही फोन जोडून ठेवले तर?”

“काकू, ज्याचा फोन आधी लागेल, त्याची गाणी.”

आज साताऱ्याला निघताना हे नेहमीसारखं घराचं कुलूप चारचारदा ओढून बघत होते. तेवढ्यात मी गाडीत बसून किल्ली फिरवली आणि माझा फोन जोडला. गेल्या महिन्यात भजनी मंडळात मी एकटीने गायलेला अभंग सुरू झाला.

यांनी स्वतःचा फोन दहादा दाबून पाहिला, चरफडले, मग गाडी काढली. पेट्रोलपंप येईपर्यंत मान डोलवू लागले. “कोण गं ही? काय सुरेख गाते!”

माझं डोकंच सणकलं. बावीस वर्षं शेजारी बसलेल्या बाईचा आवाज यांना ओळखू येऊ नये?

“अगं, सांग ना, कोण आहे?”

मी आवाज वाढवला. “शू! गाणं ऐकू द्या!”