पायांसाठी सोनं

दहा वर्षांच्या रेवतीने आपले लहानपणचे डूल काउंटरवर ठेवले. "काका, यांचे माझ्या भाच्याला पायातले वाळे करा. उष्टावणाला घालायचेत."

"आत्याबाई, सोनं म्हणजे लक्ष्मी. ती पायात घालत नाहीत. पायांना चांदीच हवी," पोतदार सोनारांनी समजावलं.

रेवतीचा चेहरा पडला. "हातातलं त्याचा मामा आणतोय, गळ्यातलं आजी. मला पायच उरलेत!"

"पण लक्ष्मी जमिनीला लागू नये ना, बाळ?"

"त्याचे पाय जमिनीला लागतात कुठे? दिवसभर तोंडात असतात!"

हसत हसत पोतदारांनी डूल तराजूत टाकले. सोनं दोन मण्यांपुरतंच होतं.

"चांदीच्या वाळ्यांत याचे मणी घट्ट बसवतो," ते म्हणाले. "मात्र तो उभा राहिला की काढून घ्यायला धावत ये!"