बाळकृष्णाचं कोलंबाइन

फूल बाळकृष्णाच्या डोक्यावर होतं.

परीक्षितनं ते पाहिलं आणि हातातला कॉफीचा मग फ्रिजवर ठेवून दिला, जिथं तो कधीच कोणी ठेवत नाही. मग तो पँट्रीच्या दारात उकिडवा बसला. देव सगळ्यांत खालच्या फळीवर होते, तांदळाच्या पोत्याशेजारी. वर ठेवले की उदबत्तीनं स्मोक अलार्म कोकलायचा.

"आई, हे कुठून तोडलंत?"

"तुमच्या दगडांतून," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "सकाळी उमललेलं दिसलं. काय गोड निळा रंग आहे हो, परीक्षितराव!"

परीक्षितच्या बायकोनं, ऋतानं, कपाळाला हात लावला. आईला आधीच सांगून ठेवायला हवं होतं.

ते डोंगरावरचं कोलंबाइन होतं. वायोमिंगच्या उंच कड्यांवर, खडकाच्या भेगेत, ते आपल्या मनानं फुलतं. खाली सपाटीवर आणलं की जगतं, थंडीला भीत नाही, पण फुलायचं नाव घेत नाही. परीक्षितनं बी पेरल्याला पाच वर्षं झाली होती. 'यंदा कळी धरलीय' असं तो दगडांत डोंगरी झाडं लावणाऱ्यांच्या रॉक गार्डन क्लबात म्हणाला, तेव्हा लोक हसले होते. फोटो आणतो म्हणाला, तर क्लबाचे अध्यक्ष लुंडग्रेन म्हणाले, फोटो काय, कुठल्याही डोंगरावर काढता येतो. डोळ्यांनी पाहीन तेव्हा मानीन. ते लुंडग्रेन आज सकाळीच यायचे होते.

"टेपनं चिकटवतो परत," परीक्षित म्हणाला आणि त्यानं फुलाकडे हात नेला.

"अहो, अहो! वाहिलेलं फूल उचलताय? आणि तेही बिनआंघोळीचे?"

ऑफिसात अख्ख्या टीमवर ओरडणाऱ्या माणसाचा हात मुकाट्यानं मागे आला.

"पाच वर्षं, आई," तो म्हणाला. "चुनखडीचे दगड गाडीत घालून आणले. नखाएवढ्या भेगेत रोप बसवलं. हिवाळ्यात त्याच्यावरचा बर्फ कोणाला हलवू दिला नाही."

"केलंत ना सगळं? आलं का फूल?"

परीक्षितनं उठून फ्रिजवरचा मग खाली घेतला.

"मी आले त्या दिवशी तुम्ही त्या दगडापुढं तोंड पाडून बसला होतात. मला बघवेना. म्हणून याला बोलले, जावयाच्या झाडाला फूल येऊ दे, पहिलं तुलाच वाहीन. त्यानं त्याचं केलं. मग मी माझं करू नको?"

"आई! तू झाडासाठी नवस केलास?" ऋता म्हणाली.

"तुझ्या ग्रीन कार्डासाठी केला, तेव्हा नाही विचारलंस ते."

बेल वाजली.

लुंडग्रेन ऐंशीच्या घरातले, उंच, किंचित वाकलेले. गळ्यात दोरीला भिंग. ते घरात न शिरता सरळ बागेत गेले, दगडांवर ओणवे झाले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. पानांच्या इवल्याशा झुबक्यातून एक देठ वर आला होता. त्याचं टोक नुकतंच खुडलेलं होतं.

"हरणं?" त्यांनी विचारलं.

ईडन प्रेरीत, त्यांच्या या गावात, हरणं येऊन बागा फस्त करतात, हे सगळ्यांना ठाऊक. परीक्षितनं तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच मीनाक्षीबाईंनी ओळखलं की आता हा सगळं हरणावर ढकलणार. सासूची अब्रू झाकायला आयतं जनावर मिळालं होतं. पण मीनाक्षीबाईंनी साताऱ्यात जन्मभर लोकांच्या कुंपणावरची फुलं खुडली होती, आणि कोणी हटकलं की 'मीच तोडली, देवाला' असं तोंडावर सांगितलं होतं. या वयात हरणाच्या आड काय लपायचं?

"नो हरीण," त्या पुढं होऊन म्हणाल्या आणि स्वतःकडे बोट केलं. "मी." मग घराच्या दाराकडे बोट केलं. "कम."

दाराशी चपला-बुटांची रांग बघून लुंडग्रेननी आपणहून बूट काढले. पँट्रीपाशी ते एका हातानं चौकट धरून गुडघ्यांवर टेकले, मग आणखी वाकले. कपाळ बाळकृष्णाच्या पायांशी पोचलं. मागून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा मनोभावे नमस्कार करतोय. त्यांनी भिंग फुलाशी नेलं.

"तेच आहे," लुंडग्रेन म्हणाले.

परीक्षितनं भिंतीला टेकून डोळे मिटले.

"माझ्याकडे हे रोप तुझ्या कितीतरी आधीपासून आहे," लुंडग्रेन म्हणाले. "एकदाही फुललं नाही. तू काय केलंस?"

परीक्षितची गाडी सुटली. चुनखडी, भेग, उतार, ऊन, बर्फ. लुंडग्रेन एकेका गोष्टीला मान हलवत होते.

"हे सगळं मीही केलं. आणखी काय?"

परीक्षितनं बायकोकडे पाहिलं. ऋताला हसू आवरेना. तिनं इंग्रजीत सगळं सांगून टाकलं, नवस, बाळकृष्ण, पहिलं फूल.

लुंडग्रेन हसले नाहीत. ते गुडघ्यांवरच वळले आणि क्लबातलं कोणी बाहेर उभं असावं अशा हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी बोलतील का त्या?"

मीनाक्षीबाईंना इंग्रजी बोलता येत नसलं तरी एवढं कळलं. त्यांनी म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"बोलेन की, त्यात काय! पण ऋता, आधीच सांग हो त्यांना, पहिलं फूल इथं आणून वाहावं लागेल. स्वतःच्या हातानं खुडून."

ऋतानं सांगितलं. लुंडग्रेननी ऐकून घेतलं. भिंग मुठीत घट्ट धरून ते त्या निळ्या फुलाकडे पाहत राहिले, आणि बराच वेळ गुडघ्यांवरून उठले नाहीत.