पट्ट्यातला आवाज

“हा खटका कशाचा?” डॉक्टरबाईंनी ओरडून विचारलं.

ताईने पटकन खटक्यावर हात ठेवला. इतका वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. कोपऱ्यातला थोरला पंखा हेलिकॉप्टरसारखा घोंघावत होता. बाकावर तिचा धाकटा भाऊ शर्ट काढून उताणा पडला होता. छातीवर पट्टा बांधलेला. एवढ्या गोंगाटातही हेडफोनमध्ये त्याच्या काळजाचे ठोके भिंतीवरच्या घड्याळासारखे स्वच्छ येत होते. आणि बाईंना नेमका तोच खटका दिसावा!

हेलिकॉप्टरमधून आणलेल्या जखमी जवानाची छाती ऐकायची म्हटलं, की डॉक्टरांची नेहमीची नळी हात टेकते. अंतराळयानात तर पंखे कधी थांबतच नाहीत. तिथे चालेल असा पट्टा बनवायला सरकारने लहान कारखान्यांना अनुदान दिलं होतं. हा कारखाना म्हणजे वडिलांचं जुनं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागची खोली आणि ही दोन भावंडं. आज लष्कराच्या या बाई पसंतीची मान हलवतील, तर पट्टा खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये चढणार होता. नाहीतर शटर कायमचं खाली.

“आवाजाची गाळणी आहे ती,” ताई म्हणाली. “ठोक्यांच्या मध्ये एक आवाज यायचा, सुर्रर्र असा. यंत्रातलंच काहीतरी आहे. कारण सापडेना, म्हणून…”

“म्हणून ताईने त्याचं तोंड दाबलं,” भाऊ बाकावरून ओरडला. “माझंही दाबते अधूनमधून.”

बाई हसल्या नाहीत.

तो आवाज पहिल्यापासून नव्हता. पट्ट्याचा कान तीक्ष्ण होत गेला, तसा तो यायला लागला. वडील म्हणायचे, खरखर आली की आधी आपली जोडणी तपासावी, मग स्टेशनला शिव्या द्याव्यात. दोघं त्यांच्या मांडीशी बसून हेच शिकली होती. रेडिओ उघडून बसलेले वडील, तापलेल्या कथिलाचा वास, आणि दुरुस्त झालेल्या पेटीतून अचानक फुटलेलं गाणं. त्या शिकवणीला जागून ताईने तारा बदलल्या, कथिलाचे डाग पुन्हा दिले, पट्ट्याची गादी उसवून नवी शिवली. आवाज काही हटेना.

आणि प्रत्येक वेळी बाकावर भाऊच. बाहेरच्या माणसावर तपासणीआधी पट्टा बांधायचा नाही, अशी सरकारची अट होती. बटणं फिरवायला ताई लागायचीच. शिवाय दर वेळी छाती बदलली, तर यंत्रात काय सुधारलं ते कळणार कसं? हिशेब बरोबर होता.

“माझी छाती सरकारजमा झाली, ताई,” तो म्हणायचा. “मेल्यावर तरी परत मिळेल का?”

“गप्प पड रे. हसलास की सगळं बिघडतं.”

“बंद करा ती गाळणी,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण ठोके तर…”

“बंद करा. मला ऐकू द्या.”

ताईने खटका खाली केला. बाईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. ताईला त्यांच्या कपाळावरची आठी तेवढी दिसत होती. झालं, तिच्या मनात आलं. वडिलांचं दुकान गेलं.

मग बाईंनी पट्टा सोडायला सांगितला. कोट काढून तो स्वतःच्या छातीला बांधला आणि ताईला पट्टा नीट घट्ट करायला लावला. ऐकलं. मग ताईला बांधला. पुन्हा ऐकलं. शेवटी पंखा बंद करायला सांगून त्यांनी पिशवीतून आपली नळी काढली आणि भावाच्या छातीला लावली. खोलीत इतकी शांतता पसरली, की रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळीसुद्धा ऐकू आली.

“जिना चढताना दम लागतो का हो तुम्हाला?”

“लागतो की,” भाऊ म्हणाला. “हिने एवढी ओझी वाहायला लावल्यावर कुणालाही लागेल.”

“चक्कर?”

भावाने ताईकडे पाहिलं, मग नजर वळवली. “दोन-तीनदा आली. कामाच्या घाईत हिला कशाला सांगायचं?”

बाईंनी नळी गळ्यात टाकली. त्यांचा आवाज आता अगदी हळू झाला होता.

“पट्टा उत्तम आहे, ताई. तो आवाज माझ्यात नाही, तुमच्यात नाही. यांच्या हृदयाची झडप नीट उघडत नाहीये. माझ्या नळीला या शांततेतही तो जेमतेम सापडला. तुमच्या पट्ट्याने एवढ्या गोंगाटात पकडला. मी आजच शिफारस करते. तुम्ही यांना आत्ताच्या आत्ता हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. उद्यावर टाकू नका.”

“बघ, पास झालो आपण!” भाऊ उठून बसत म्हणाला. त्याने शर्ट चढवला आणि बटणं एक घर चुकवून लावली. “अगं, हस की जरा.”

ताईने पट्टा उचलून छातीशी धरला. मग तो बाईंच्या पुढे केला.

“नाही हो डॉक्टर,” ती म्हणाली, “यातच खोट आहे. मी बनवलाय, मला माहीत आहे. नापास करा ना याला.”