बर्फातली पोर

गेम सतरांदा अडकायचा, आवाज मध्येच गायब व्हायचा, तरी शिवणकाम करणाऱ्या मावशीचा त्यातल्या गोष्टीवर जीव जडला होता. आज तर गोष्टीतली पोर गुडघाभर बर्फात रुतली ती रुतलीच.

"बिघाड आहे गं मावशी. तिला थंडी वाजत नाही," भाची म्हणाली.

"तुला काय ठाऊक?" मावशीने आपली लाल शाल टीव्हीवर पांघरली. लाल दोरा संपला म्हणून तिने ती हिरव्याने रफू केली होती.

सकाळी शाल स्टुलावर नीट घडी घालून ठेवलेली होती. गुणाची गं माझी भाची, असं म्हणत मावशीने गेम लावला.

पोर चालत होती. अंगावर लाल शाल, खांद्यावर हिरवे टाके.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "घडी मी नाही घातली."

मावशीने शाल उचलली. ती अजून उबदार होती, आणि घडीतून चिमूटभर बर्फ तिच्या पायावर पडला.