बिननावाचं पठार

बेटाचे सहा विभाग पाडले, की प्रवासपुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपलं नाव झळकणार, असा सदानंदचा हिशेब होता. पाच विभाग झटपट जमले. सहाव्याला, उत्तरेच्या पठाराला, नावच नव्हतं.

“मग तुम्ही म्हणता काय?” त्याने होडीवाल्या तांडेलाला विचारलं.

“नुसतं ‘तिकडे’. नाव ठेवायची आमची छाती नाही, साहेब.”

“माझी आहे!” म्हणत त्याने नकाशावर ‘सदानंद पठार’ लिहून टाकलं.

परतताना तांडेलाने होडीत उतारूंची यादी काढली. “नाव सांगा.”

त्याने तोंड उघडलं. स्वतःचं नाव काही केल्या आठवेना.

“थट्टा पुरे, सदानंदसाहेब!” तांडेल ओरडला.

तो हललाही नाही. पठारावरून मात्र, त्याच्याच आवाजात, “ओ!” आली.

पुस्तकाला सहावा विभाग मिळाला, पठाराला नाव. किंमत मोजणाऱ्याची ओळ तांडेलाने यादीत कोरीच सोडली.