मागच्या जन्मीची आई

कनिथाला सेरेब्रल पाल्सी आहे. चौदा वर्षांची झाली तरी घास भरवावा लागतो. ती झोपेत हसली की मेकाँग नदीकाठच्या आमच्या खेड्यात म्हणतात, मागच्या जन्मीची आई बोलावतेय तिला.

मग तिची आई सावेथ उशाशी केळी ठेवायची, उदबत्ती लावायची आणि त्या न दिसणाऱ्या बाईवर खेकसायची, "घे, खा आणि चालती हो बये! पोर आता माझी आहे."

काल डॉक्टरांनी सावेथला सांगितलं, तुझ्या पोटातल्या गाठीवर आता इलाज नाही. घरी येऊन तिने पोरीला भरवलं, तोंड पुसलं, केळी ठेवली आणि उदबत्तीपुढे हात जोडले.



"ताई, माझ्याआधी हिला घेऊन जा गं. भात मात्र मऊ शिजव, हिला ठसका लागतो."